९९९ डॉलर, ६० कार्डे: ‘मॅजिक’च्या ३०व्या वर्धापन संचाचे परीक्षण

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ १९९३ साली बाजारात आला. त्याला तीस वर्षे होत आली म्हणून ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने २०२२च्या अखेरीस ‘३०थ अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन’ नावाचा संच काढला. एका पेटीत चार बूस्टर पॅक, म्हणजे आत कोणती कार्डे आहेत हे फोडल्यावरच कळणारी सीलबंद पाकिटे, प्रत्येक पॅकमध्ये पंधरा कार्डे आणि किंमत ९९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ८१ हजार रुपये. या कार्डांना अधिकृत स्पर्धेत परवानगी नाही. सीलबंद पेट्या आजही दुय्यम बाजारात फिरतात. अमेरिकेतून येणाऱ्या नातलगाला एखादी आणायला सांगावी का, असा विचार कोणी करत असेल तर आमचे उत्तर स्पष्ट आहे: सांगू नका. छपाई वाईट आहे म्हणून नव्हे. या पेटीची किंमत ज्या टंचाईवर उभी आहे ती टंचाई मोजायला ग्राहकाच्या हाती एकही आकडा दिलेला नाही, म्हणून.

आधी पेटीत काय निघते ते पाहू. पॅकमधली तेरा कार्डे आजच्या चौकटीत, म्हणजे कार्डाच्या आजच्या मांडणीत आहेत: १ रेअर (दुर्मीळ), ३ अनकॉमन (त्याहून कमी दुर्मीळ), ७ कॉमन (सर्रास मिळणारी) आणि २ बेसिक लँड. उरलेली दोन जुन्या चौकटीत: एक बेसिक लँड आणि एक कोणत्याही दर्जाचे कार्ड. या शेवटच्या जागी रेअर निघण्याची शक्यता साधारण दहात तीन. शिवाय एक टोकन, म्हणजे खेळताना खूण म्हणून ठेवायचे कार्ड. चकाकणारी फॉइल कार्डे नाहीत. चित्रे १९९३ची आहेत आणि मागची बाजू नेहमीच्या मॅजिक कार्डापेक्षा वेगळी आहे.

आता भागाकार करा. ६० कार्डांना ९९९ डॉलर, म्हणजे एक कार्ड १६ डॉलर ६५ सेंटला पडले. त्यातली बारा बेसिक लँड आहेत. बेसिक लँड म्हणजे खेळताना लागणारे सर्वांत साधे कार्ड. दुकानात ती ढिगाने पडलेली असतात आणि बरेच दुकानदार नव्या खेळाडूला फुकट देतात. या पेटीत त्या बारा कार्डांवरच सुमारे २०० डॉलर जातात. आणखी २८ कॉमन. पैसे खरे मोजले जातात ते चार रेअरसाठी, नशीब बरे असेल तर पाच-सहा.

रेअरची यादी शंभराहून मोठी आहे. सगळ्यांना हवी असतात ती त्यातली ‘पॉवर नाइन’ म्हणून ओळखली जाणारी नऊ: ब्लॅक लोटस, पाच मॉक्स, अँसेस्ट्रल रिकॉल, टाइम वॉक आणि टाइमट्विस्टर. त्यांच्या खालोखाल दहा ड्युअल लँड, म्हणजे एकाच वेळी दोन प्रकारच्या बेसिक लँडचे काम करणारी कार्डे. चार पॅकमधले रेअर आणि जुन्या चौकटीतली जादा जागा धरून हिशेब मांडला, तर पॉवर नाइनपैकी निदान एक निघण्याची शक्यता तेहतीस टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे साधारण तीन पेट्यांपैकी एकीत. ठरवून ब्लॅक लोटसच हवे असेल, तर वीस-पंचवीस पेट्यांमागे एक. २५ पेट्यांची रक्कम सुमारे २५ हजार डॉलर होते आणि एवढे करून हाती आलेले लोटस स्पर्धेच्या टेबलावर ठेवता येत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ही चित्रे स्वच्छ, नव्या छपाईत बघणे खरेच सुखाचे आहे. १९९३च्या कार्डांवरची अक्षरे आणि रंग आज फिके, घासलेले असतात. इथे ड्युअल लँडची निसर्गचित्रे पुन्हा टवटवीत दिसतात. जुन्या चौकटीतली कार्डे तर आणखी देखणी. ‘अँटी’ची, म्हणजे पैजेवर कार्ड लावण्याची कार्डे वगळली आहेत, क्रुसेडसारखी कंपनीने २०२०मध्ये मागे घेतलेली कार्डेही नाहीत, या दोन्ही निर्णयांशी आम्ही सहमत आहोत. हेच पॅक शंभर डॉलरच्या आत विकले असते, तर मित्रमंडळींनी एकत्र बसून फोडायला याहून चांगली वस्तू नव्हती. १९९३ साली एखाद्याने पहिला पॅक फोडला तेव्हा काय वाटले असेल, तो अनुभव पुन्हा देणे हाच तर या संचाचा हेतू म्हणून सांगितला होता. तो अनुभव ९९९ डॉलरला ठेवला आणि जे रोज खेळतात तेच बाहेर राहिले.

खरी टंचाई कशी होती

या कार्डांची मूळ टंचाई कोणी ठरवून केली नव्हती. रिचर्ड गारफील्ड यांनी खेळ रचला तेव्हा विझार्ड्स ही सिअ‍ॅटलजवळची छोटी कंपनी होती. ऑगस्ट १९९३मध्ये आलेली ‘अल्फा’ आवृत्ती २६ लाख कार्डांची. बेल्जियममधल्या कार्टा मुंडी छापखान्यात छापलेली. त्यात प्रत्येक रेअरच्या जेमतेम ११०० प्रती होत्या. व्होल्कॅनिक आयलंड हे कार्ड तर चुकून छापायचेच राहून गेले. माल हातोहात संपला, दोन महिन्यांत ‘बीटा’ आली, त्यात प्रत्येक रेअरच्या तीन हजारांच्या आसपास प्रती. डिसेंबरात ‘अनलिमिटेड’ आली तोवर हा आकडा १८ हजारांच्या घरात गेला होता. छपाई मागणीच्या मागे धावत होती. त्या वेळी मुलांनी ही कार्डे स्लीव्हशिवाय, म्हणजे प्लॅस्टिकच्या खोळीशिवाय पिसली, खिशात कोंबली, हरवली. आज चांगल्या अवस्थेतली प्रत दुर्मीळ आहे ती यामुळे.

मग १९९५मध्ये ‘क्रॉनिकल्स’ संच आला. त्यात जुनी महाग कार्डे पुन्हा छापली आणि दुकानदार-संग्राहकांच्या हातातल्या मालाचे भाव पडले. ओरड झाली. मार्च १९९६मध्ये कंपनीने ‘रिझर्व्हड लिस्ट’ जाहीर केली: या यादीतली कार्डे स्पर्धेत चालतील अशा रूपात पुन्हा कधीही छापणार नाही. २००२मध्ये यादी थोडी आखडली. विशेष फॉइल आवृत्त्यांची पळवाट राहिली होती, ती २०१०मध्ये बुजवली. आजही साडेपाचशेहून जास्त कार्डे या यादीत आहेत. पॉवर नाइन आणि दहाही ड्युअल लँड त्यातच आहेत.

इथून पुढची टंचाई कृत्रिम आहे. कागद आहे, शाई आहे, छापखाना तोच आहे, चित्रांचे हक्क आहेत. फक्त छापायचे नाही असे ठरवलेले आहे. एका अर्थाने हे वचन प्रामाणिक आहे, कारण ते लेखी आहे आणि सर्वांना सारखे लागू आहे. १९९६नंतर ज्याने ड्युअल लँड घेतले त्याला आपण काय घेतो आहोत ते ठाऊक होते. यादी खेळासाठी वाईट आहे असे आमचे मत आहे. ‘लेगसी’ आणि ‘व्हिंटेज’ हे जुने स्पर्धाप्रकार तिच्यामुळे सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर गेले. पण ती फसवणूक नाही.

वर्धापन संच याच वचनाच्या फटीतून बाहेर पडला. मागची बाजू वेगळी आणि स्पर्धेत मनाई, त्यामुळे यादी मोडली असे म्हणता येत नाही. म्हणजे यादीमुळे जो भाव चढला तो कंपनीने वापरून घेतला आणि यादीमुळे ज्यांची अडचण झाली त्या खेळाडूंच्या हाती काहीच पडले नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

विक्रीचा दिवस

२८ नोव्हेंबर २०२२ला कंपनीच्या संकेतस्थळावर विक्री उघडली आणि तासाभरातच बंद झाली. कंपनीने जे कळवले त्याचा अर्थ एवढाच होता की विक्री समाप्त झाली आहे आणि वस्तू सध्या उपलब्ध नाही. माल संपला, असे शब्द त्यात नव्हते. किती पेट्या छापल्या, किती विकल्या, किती राखून ठेवल्या, यांपैकी एकही आकडा आजवर जाहीर झालेला नाही.

संग्राहकाच्या दृष्टीने याचे परिणाम फार व्यावहारिक आहेत. एखाद्या कार्डाचा भाव बांधताना तीन गोष्टी लागतात: प्रती किती, त्यातल्या बाजारात येण्याजोग्या किती आणि मागणी किती. इथे पहिली गोष्टच गुलदस्त्यात. गोदामात शिल्लक किती आहे हे ठाऊक नसेल, तर उद्या ती एखाद्या मेळाव्यात बक्षीस म्हणून किंवा दुकानांना भेट म्हणून बाहेर आली की कालचा भाव पडतो. ज्याला आकडा ठाऊक आहे तो विकणारा आणि ज्याला ठाऊक नाही तो घेणारा, असा हा व्यवहार आहे. साखर किंवा कांद्याचा साठा दाबून ठेवला तर निदान गोदामावर धाड टाकता येते. इथे गोदामही त्यांचे आणि मोजदादही त्यांचीच.

त्याच महिन्यात, विक्रीच्या दोन आठवडे आधी, बँक ऑफ अमेरिकाच्या विश्लेषकाने मूळ कंपनी हॅस्ब्रोच्या शेअरचे मानांकन एकदम दोन पायऱ्या खाली आणले. कारण दिले होते मॅजिकच्या अतिउत्पादनाचे: इतके संच येत आहेत की दुकानदार आणि संग्राहक दोघेही दमले आहेत. शेअर त्या दिवशी सुमारे दहा टक्के घसरला. एकीकडे अतिछपाई आणि दुसरीकडे ९९९ डॉलरची दुर्मीळ पेटी, या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. पण त्या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत. साधे पॅक अमाप झाले की त्यांना भाव राहत नाही आणि मग टंचाई वेगळी तयार करून वेगळ्या किमतीला विकावी लागते.

आकडा सांगून केलेली टंचाई

मर्यादित छपाईला आमचा सरसकट विरोध नाही. याच कंपनीने डिसेंबर १९९३मध्ये ‘कलेक्टर्स एडिशन’ काढली होती. बीटाचा पूर्ण संच एका पेटीत, कोपरे चौकोनी, पाठीला सोनेरी किनार, स्पर्धेत मनाई. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय मिळून सुमारे १५ हजार पेट्या. किंमत सुमारे ५० डॉलर. त्यात ब्लॅक लोटस हमखास होते, कारण संच पूर्ण होता. वर्धापन संचाशी तुलना करायची तर हीच करावी: तीच कल्पना, तीच कंपनी, फक्त ‘हमखास’च्या जागी ‘कदाचित’ आणि ५०च्या जागी ९९९.

नोव्हेंबर २०२२मध्येच आलेल्या ‘द ब्रदर्स वॉर’ संचात काही जुन्या ‘आर्टिफॅक्ट’ची, म्हणजे जादुई वस्तूंच्या कार्डांची क्रमांकित आवृत्ती होती, प्रत्येकी ५०० प्रती आणि कार्डावर क्रमांक छापलेला. ५००पैकी ३१७ असे कार्ड हातात आले की आणखी ४९९ आहेत एवढे नक्की कळते. अमेरिकी बेसबॉल कार्डांत ‘टॉप्स नाऊ’ २०१६पासून याहून सरळ पद्धत वापरते: कालच्या सामन्यातल्या प्रसंगाचे कार्ड आज ठरावीक मुदतीत विकायचे, जितक्या मागण्या आल्या तितकीच छापायची आणि शेवटी तो आकडा जाहीर करायचा. कोणी रिकाम्या हाताने परत जात नाही आणि प्रत्येकाला आपल्या कार्डाच्या प्रती किती ते समजते.

मॅजिकची ‘सीक्रेट लेअर’ ही थेट ग्राहकांना कार्डे विकणारी सेवा डिसेंबर २०१९मध्ये सुरू झाली तेव्हा याच वळणाची होती. मुदतीत मागणी नोंदवा, तितकी छापू. अडचण अशी की कार्डे हाती यायला कित्येक महिने लागत. २०२४पासून कंपनीने उलट केले: आधी ठरावीक संख्येत छापून ठेवायचे आणि संपेपर्यंत विकायचे. पार्सल लवकर येऊ लागले हे खरे. पण लोकप्रिय संचाच्या दिवशी ऑनलाइन रांग लागते, माल तासाभरात जातो आणि त्याच संध्याकाळी तीच कार्डे साठेबाजांकडे चढ्या भावात दिसतात. छपाईची संख्या बहुतेक वेळा सांगितली जात नाही. उशिरा पण नक्की मिळणे आणि लवकर पण नशिबाने मिळणे, यांत आम्ही पहिल्याच्या बाजूचे. खेळणाऱ्याला तीन महिने थांबणे परवडते, तिप्पट भाव परवडत नाही.

पोकेमॉनचे प्रकरण यापेक्षा वेगळे आहे आणि दोन्ही एकाच तागडीत घालू नयेत. जानेवारी २०२५मध्ये ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’ संचासाठी दुकानांत झुंबड उडाली, पण तिथे कंपनीने पुन्हा छपाई जाहीर केली आणि केली. मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात पोकेमॉनची एक हजार कोटींहून जास्त कार्डे छापली गेली. तिथली टंचाई बरीचशी साठेबाजांची आहे, थोडी छापखान्याच्या क्षमतेची. अशा वेळी ग्राहकाने करायचे एकच: दुप्पट भावाने न घेता पुढच्या खेपेची वाट पाहायची.

तरीही पेटी घ्यायचीच असेल तर

सुटा पॅक घेऊ नका, सीलबंद पेटीच घ्या. सुट्या पॅकबाबत धोका असा की विक्रेत्याने चारपैकी तीन फोडलेले असतात आणि चौथा कोणत्या कारणाने विकायला काढला ते कळायला मार्ग नसतो. पॅकच्या वरच्या-खालच्या दातेरी पट्टीचे जवळून काढलेले, प्रकाश तिरपा पडेल असे फोटो मागा. पुन्हा चिकटवलेल्या पॅकवर दाते एका रेषेत नसतात, गोंदाची चमक दिसते किंवा पट्टी एका बाजूला ताणलेली असते.

सुटे कार्ड घेत असाल तर दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. ऑफसेट छपाईत चित्राचे रंग ठिपक्यांच्या गुलाबासारख्या नक्षीत दिसतात आणि काळी अक्षरे मात्र सलग काळी, धारदार असतात. नकली कार्डात बहुधा अक्षरांच्या कडाही ठिपक्यांनी बनलेल्या असतात, कारण ते पूर्ण कार्डाचे स्कॅन करून छापलेले असते. नेहमीच्या मॅजिक कार्डाच्या पाठीवर हिरव्या गोलात चार लाल ठिपक्यांची खूण शोधतात. या संचाची पाठ वेगळी असल्यामुळे त्या परीक्षेवर इथे विसंबू नका. कार्ड वाकवून पाहण्याची जुनी पद्धत तर सोडूनच द्या, तिने खरे कार्डही खराब होते.

आणि गुंतवणूक म्हणून घेत असाल, तर विकताना ऑनलाइन बाजार साधारण दहा ते तेरा टक्के कापून घेतो, वर विम्यासह टपालखर्च, भारतात आणताना कस्टमचा खर्च वेगळा. घेतल्या किमतीला विकले तरी हे सगळे पदरचे जाते.

त्याऐवजी

स्पर्धेत खेळायचे असेल तर ९९९ डॉलरमध्ये १९९४च्या ‘रिव्हाइज्ड’ आवृत्तीतली, मागणी तुलनेने कमी असलेली दोन-तीन ड्युअल लँड येतात. पांढऱ्या किनारीची, दिसायला साधी, पण कुठल्याही लेगसी स्पर्धेत चालणारी आणि पुन्हा विकता येणारी. थोडी घासलेली प्रत घ्या. स्लीव्हमध्ये गेल्यावर कडेची झीज दिसत नाही आणि भावात चांगला फरक पडतो.

मित्रांत ‘कमांडर’ हा मॅजिकचा प्रकार खेळायचा असेल, जसा पुण्या-मुंबईतले बहुतेक गट खेळतात, तर प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या कार्डाऐवजी वापरायची नक्कल छापा. घरगुती, बिगरव्यापारी वापराच्या अशा कार्डांना आपली हरकत नसल्याचे कंपनीने २०१६मध्ये सांगितले आहे. अधिकृत स्पर्धेत मात्र ती चालत नाहीत. कार्डाचे माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. ३०० डीपीआयला चित्र ७४४ बाय १०३९ पिक्सेल हवे, त्याहून लहान असेल तर बारीक मजकूर फुटतो. ए-फोर कागदावर तीन ओळींत नऊ कार्डे बसतात. बाजूंना साडेदहा आणि वर-खाली साडेसोळा मिलिमीटर जागा उरते. प्रिंटच्या दुकानात हमखास होणारी चूक म्हणजे ‘फिट टू पेज’. त्याने कार्ड दोन-तीन टक्के आकसते आणि स्लीव्हमध्ये हलते. ‘अ‍ॅक्चुअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा आणि पहिले पान पट्टीने मोजून बघा. जाड कागद वापरू नका. साध्या ८० ते १०० जीएसएम कागदावर छापून, कापून, स्लीव्हमध्ये खऱ्या बेसिक लँडच्या पुढे सरकवा. जाडी आणि पाठ दोन्ही जुळतात आणि पिसताना कार्ड ओळखू येत नाही. खाली ‘प्रॉक्सी’ असे छापा म्हणजे पुढे कधी कार्ड हातोहात फिरले तरी कोणी फसणार नाही. खेळायला बसण्यापूर्वी समोरच्यांना सांगा. बहुतेक जण हरकत घेत नाहीत, घेतली तर तो डेक, म्हणजे खेळायचा कार्डांचा गठ्ठा, बाजूला ठेवायचा.

सीक्रेट लेअर घेणार असाल आणि राहायला मुंबई, कोकण किंवा गोव्यात असाल, तर फॉइल नसलेली आवृत्ती निवडा. फॉइल कार्डाच्या दर्शनी बाजूचा थर ओलावा घेत नाही आणि मागचा कागद घेतो. पावसाळ्यात कागद फुगतो आणि कार्ड दर्शनी बाजूकडे वाकते. वाकलेले कार्ड डेकमध्ये लगेच ओळखू येते आणि स्पर्धेत ते खुणेचे कार्ड ठरू शकते. फॉइल आधीच घेतले असेल तर हवाबंद डब्यात ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखणाऱ्या दुहेरी पुड्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या आणि सोडणाऱ्याही, ठेवा. नुसते सिलिका जेल घातले तर कागद जास्तच सुकतो आणि कार्ड उलट्या बाजूला वळते.

गुण द्यायचे तर छपाई आणि चित्रांना पाचपैकी साडेतीन, किमतीला शून्य, माहितीच्या पारदर्शकतेलाही शून्य. पेटीच्या बाहेर छपाईची संख्या लिहिली असती तर शेवटचा आकडा बदलला असता, आणि कदाचित दुसराही, कारण ती संख्या दिसत असताना ९९९ डॉलर मागणे विकणाऱ्याला अवघड गेले असते.